टपावरची पऱ्हाटी

सेलूच्या स्टँडवर कंडक्टरने आमचं सामान पाहिलं आणि विचारलं, "काऊन हो भाऊ, वर्ध्यात पऱ्हाटी भेटत नाई काय?" ट्रंक, गादी, शेगडी, कडेवर घरघरणारी लहानगी बेबी आणि कपाशीच्या वाळल्या झाडांचे दोन भारे. ते मायने जळणासाठी बांधून दिले होते. "शहरात जयतन इकत घ्या लागते. हे घरचं हाये, घेऊन जाय." तुमच्यापैकी जे गाव सोडून निघाले त्यांना ठाऊक असेल, मायने बांधलेलं ओझं वाटेत टाकता येत नाही. भारे टपावर चढले.

निघालो होतो बेबीच्या छातीसाठी. हिवाळ्यात तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. वर्ध्यात डॉक्टर जवळ, म्हणून कापसाच्या जिनिंगमधली कारकुनी धरली आणि स्लॅबची खोली घेतली. स्लॅबचा मला केवढा तोरा! गावच्या छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून आभाळ दिसायचं, इथे सगळं कसं पॅकबंद. एकुलती एक खिडकी होती, तीही पोरीला वारं लागू नये म्हणून मीच खळ लावून वर्तमानपत्रांनी बुजवली. त्या खोलीत माझी बायको शांता चुलीत पऱ्हाटी पेटवायची. गावात धूर कवेलूंतून निघून जायचा. इथे तो भाडं न देता आमच्यातच राहू लागला.

बेबीचं दुखणं वाढलं. मग माय आली, आणखी एक भारा घेऊन. नातीची आंघोळ झाली की दार लावून, शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी. घरघर वाढली की धुरी वाढायची, धुरी वाढली की घरघर. एका दुपारी पोरीचे ओठ निळे पडले आणि आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला.

तिला जरा आराम पडल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "स्वयंपाक कशावर?"

"पऱ्हाटीवर. घरची आहे," मी ऐटीत सांगितलं.

"खोलीला खिडकी?"

"आहे ना. कागद लावून पक्की बंद."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "औषध देते. पण आधी जाऊन ते कागद फाडा."

कागद फाडले. चूल अंगणात गेली. बेबी हळूहळू सावरली. राहिली माय. तिला सांगणार कोण? शांताने माझ्याकडे पाहिलं, मी स्लॅबकडे. शेवटी पुटपुटलो, "माय, पोरीले धूर नको म्हंतात." माय उठली. शेगडीवर पाणी ओतलं आणि संध्याकाळच्या एस्टीने गावी गेली.

दिवाळीला भीतभीतच गेलो. पाहतो तर चुलीवरचे कवेलू काढलेले, उन्हाचा कवडसा थेट तव्यावर. माय भाकर थापत म्हणाली, "तुह्या डागदरीणले सांगजो, म्या छपरालेच भोक पाडलं म्हणा. आता पोरीले घेऊन येत जाजो."

त्यानंतर किती खोल्या बदलल्या, खिडक्यांवरून किती मालकांशी वाद घातले. आता थकवा येतो. नव्या खोलीत गेलं की सामान उतरवण्याआधी मी खिडकी उघडतो, बेबी हसते. माय गेली. गावी गॅस आला. भाऊ दरसाल ते भोक बुजवायचं म्हणतो, मी बुजवू देत नाही. पावसाळ्यात गेलो की त्याखाली पितळी गंज ठेवतो आणि तो भरेपर्यंत तिथंच बसून राहतो.