मी ‘अहो’ म्हटलं आणि अख्खी खाडी धावून आली

बायांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझी फजिती सांगताना मला अजून राग येतो. कोणाचा, ते शेवटी कळेलच.

रिटायर झाल्यावर माणूस काय घेतो? गुडघ्याला पट्टा घेतो, जपमाळ घेतो. आमच्या यांनी शिडाची बोट घेतली! पक्षी बघायचे म्हणे. ग्लासगोच्या पश्चिमेला खाड्या, खाड्यांत बेटं, बेटांवर पक्षी. आणि बोटीवर मी.

पक्षी यांनी बघायचे आणि पक्ष्यांनी केलेलं मी पुसायचं! डेक मी घासायचा. तळात साठलेलं पाणी हातपंपाने मी उपसायचं. आणि हे डोळ्याला दुर्बीण लावून मलाच म्हणणार, “श्श्श! उडेल ना तो!” अहो, बोट बुडेल त्याचं काय?

तरी मी काही बोलत नव्हते. संध्याकाळी निरांजन लावायचं आणि म्हणायचं, महादेवा, या माणसातसुद्धा तू आहेस, दिसशील कधीतरी.

पण श्रावण लागला. माझे श्रावणी सोमवार लग्नाच्या आधीपासूनचे. एकही बाळंतपणात मोडला नाही, इथल्या बर्फात मोडला नाही. म्हणून निघताना उपासाचं सगळं मी स्वतः घेतलं होतं. बोट तिरकी झाली की डबे उडतात, त्यामुळे यांचा हुकूम होता, “जे हलतं ते कुठेतरी घट्ट बसव.” बसवलं. बटाटे जादा शिडाच्या पिशवीत, गूळ लाइफ जॅकेटमध्ये, हाताला लागेल त्या फटीत सामान!

सोमवारी सकाळी बघते तर साबुदाणा नाही. शेंगदाणे नाहीत. सगळे कप्पे उपसले. नाहीच!

“अहो, धक्क्यावरच्या पिशव्या तुम्ही उचललात ना? साबुदाणा कुठाय?”

“होत्या तेवढ्या सगळ्या आणल्या, अगं.”

“दुर्बिणीची तिपाई बरी आठवणीने आणलीत! माझा उपास तेवढा धक्क्यावर राहिला!”

“मग आजच्या दिवस ओट्सचं पोरिज खा की. तेही पांढरंच असतं.”

पोरिज! श्रावणी सोमवारी! माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! हातात डेक घासायचा ब्रश होता, तो यांच्यावर रोखून म्हटलं, “साबुदाणा मिळाल्याशिवाय मला तोंड दाखवू नका!”

हे मुकाट्याने वल्ह्याच्या होडीत बसले आणि समोरच्या गावाकडे निघाले. गळ्यात दुर्बीण घालून! म्हणजे बघा.

दुपार झाली. दुपार टळली. मी एका केळ्यावर. रागाच्या भरात डेक घासला, मग उरलेल्या रागाने परत घासला. उपास सोडायचा दिवस मावळल्यावर, आणि हा स्कॉटलंडचा सूर्य! निघतो निघतो म्हणत दारात गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा. जेवणवेळ उलटली तरी हलेना.

आणि मग मला यांची होडी दिसली. किनाऱ्याला बांधलेली, रिकामी. जवळ माणूस नाही. बसले असणार कुठल्यातरी खडकामागे पक्षी बघत! मी डेकवर उभी राहिले आणि सगळा जीव एकवटून हाक मारली.

“अहोऽऽऽ!”

शेजारी नांगरलेल्या बोटीवरून निळ्या टोपीचा एक म्हातारा हात हलवून ओरडला, “अहॉऽऽय!”

मी चपापले. याला कोणी बोलावलं? मी पाठ फिरवून पुन्हा, “अहोऽऽ!” पलीकडच्या बोटीतून दोन बायका, “अहॉय!” मी चिडून, “अहो, तुम्हाला नाही हो!” त्यावर तिसऱ्या बोटीतून भोंगा!

चेष्टा करतात माझी? उपाशी बाईची? आता तर मी थांबेचना. “अहो! अहोऽऽ! अहो, ऐकू येत नाही का?”

तुम्ही इथे बसून हसताय. पण बोटींच्या जगात ‘अहॉय’ ही बोलवायची हाक असते, आणि कोणी अशी जीव तोडून मारली तर ती संकटातली समजतात, हे मला कोणी सांगितलं होतं? चहूकडून होड्या निघाल्या की हो! बघता बघता बोटीवर माणसंच माणसं. निळी टोपी पुढे. त्यांचं नाव डंकन. मागे त्यांची बायको फिओना, हातात घोंगडी.

“काय झालं?” डंकननी विचारलं.

“माय हजबंड,” मी रागाने थरथरत म्हणाले. “गॉन! सकाळपासून!”

“जाताना काही बोलले?”

“ते काय बोलणार? मीच म्हटलं, मला तोंड दाखवू नका!”

डंकननी टोपी काढली. फिओनाने घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली आणि मला पोटाशी धरलं. मला वाटलं, वा, इथल्या बायकांना नवऱ्याचा जाच बरोब्बर कळतो!

डंकननी रेडिओ उचलला. सगळ्या बोटींना कळवतो म्हणाले. “नाव काय त्यांचं?”

आता आली पंचाईत! मी आजवर यांचं नाव कधी नुसतं घेतलं नाही. सासूबाईंना दिलेला शब्द. घेतलं ते उखाण्यातच, आणि त्यात सोमवारचा उपास! पण रेडिओ तोंडापुढे आलेला. घेतला महादेवाचं स्मरण करून:

“डुलते पाण्यावर इवली नाव, समोर डोंगर, खाली गाव, सापडले तर परत पाठवा, सुधाकरराव त्यांचं नाव!”

 डंकन गंभीरपणे म्हणाले, “बरंच मोठं नाव आहे. स्पेलिंग सांगाल?”

स्पेलिंग कसलं सांगते! त्या लोकांचे पडलेले चेहरे बघता बघता माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. या सगळ्यांना वाटतंय की हे बुडाले! आणि बायांनो, खरंच बुडाले असतील तर? होडी रिकामी होती ना? माझा राग कुठल्या कुठे पळाला. महादेवा, साबुदाणा नको, हे तेवढे दे!

इतक्यात खालच्या केबिनमधून फिओनाचा मायेचा आवाज आला, “काळजी करू नकोस हं. तुमचं जेवण मी गरम करायला ठेवलंय.”

जेवण? मी तर काहीच रांधलं नव्हतं!

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. बघते तर हे! जीव खाऊन वल्ही मारत येत होते. वर चढले, धापा टाकत, घामाघूम. “तुला काय झालं? दुर्बिणीतून बोटीवर एवढी माणसं दिसली, माझ्या काळजात धस्स झालं!”

“दिवसभर होतात कुठे?”

“साबुदाणा मिळेना, मग येऊ कसा? हे एवढंच मिळालं.” खिशातून डबा काढला. टॅपिओका पुडिंग! म्हणजे साबुदाण्याची खीरच की! तो घट्ट धरून हा माणूस माझ्या भीतीने खडकामागे बसून राहिला होता.

मग यांनी नाक वर केलं, हुंगलं आणि निरागसपणे विचारलं, “दाणे भाजतेस?”

दाणे! मी धडधडत खाली गेले. फिओनाने ओव्हन पेटवला होता. आतल्या झाकणवाल्या कढईत तिला आमचं जेवण ठेवलेलं वाटलं.

आता तुम्हीच सांगा, आपल्या घरी ओव्हन कशासाठी असतो? कढया ठेवायला! घट्ट बसणारी जागा म्हणून कढईत दाणे, दाण्यांवर साबुदाण्याची पिशवी, वर झाकण, आणि कढई ओव्हनमध्ये. कोणी ठेवली होती? मीच! दाणे खमंग भाजलेले, पिशवीला खालून भोक.

बोटभर माणसं माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात यांना म्हटलं, “अहो...”

सगळे एकसुरात म्हणाले, “अहॉय!”