हवालदारांची परेड

खोटं बोलण्याच्या कामात माझ्या घरमालकांइतका कच्चा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात नसेल, आणि तरीही एकच खोटं इतकी वर्षं इतक्या निष्ठेनं सांभाळणारा दुसरा माणूसही मी पाहिलेला नाही. गाव त्यांना हवालदार म्हणायचं. ते हवालदार नव्हते. पलटणीतून पाय अधू होऊन परत आले तेव्हा पोस्टमननं त्यांना 'रामराम हवालदार' केला, यांनी तो दुरुस्त केला नाही, आणि बघता बघता आठ दिवसांत अख्खं गाव पोस्टमनसारखं बोलू लागलं. पाय अधू कसा झाला, हे ते विचारील त्याला सांगत. पाडव्याला सांगितलं तर गोळी डावीकडून यायची, दसऱ्यापर्यंत ती उजवीकडून येऊ लागायची, आणि एकदा शिमग्याला तर ती वरून, विमानातून आली. मी फक्त एकदा म्हणालो, "हवालदार, मागल्या खेपेला डोंगराआडून आली होती." त्यावर ते मिशीवर हात फिरवत शांतपणे म्हणाले, "मास्तर, लढाईत गोळी काय सांगून येती व्हय?"

लढाई अजून चालू होती त्या दिवसांत मी साताऱ्याहून त्या गावच्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो. कृष्णेच्या काठचं, इस्लामपूरपासून दोन-तीन कोसांवरचं गाव. गावात बागायतदारांचे ऊस होते, प्रत्येक चौथ्या घरातला एक गडी पलटणीत होता, आणि पारावर बसून बायकांच्या अकलेविषयी बोलण्याचा मान ज्याला मिशी फुटली आहे अशा प्रत्येकाला होता. हवालदारांकडं ऊस नव्हता. भाऊबंदांच्या वाटण्यांत त्यांच्या वाट्याला आला तो तुकडा कुसळं उगवण्यापलीकडं कशाच्या लायकीचा नव्हता. त्यामुळं त्यांची बायको आणि लेक हौसा दुसऱ्यांच्या रानात रोजगाराला जात. हौसा अठरा वर्षांची, उंचनिंच, खणखणीत आवाजाची. विहिरीवर मोट धरायची तर बैल तिच्या एका हाकेसरशी उतरत्या धावेवरून पुढं निघायचे आणि पाण्यानं भरलेली ती चामड्याची मोट वर यायची. बाईमाणसानं मोट धरू नये असं गावाचं मत होतं, पण गडी लढाईवर गेल्यामुळं ते मत गावानं तात्पुरतं खुंटीला टांगून ठेवलं होतं.

मी त्यांच्या पुढच्या खोलीत राहायचो आणि जेवायलाही तिथंच होतो. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की या घरात रोज सकाळी मायलेकी कामावर गेल्या की हवालदार स्वयंपाकघरात शिरतात, आतून कडी घालतात आणि परेड करतात. "लेफ रैट! लेफ रैट!" असा अर्धा-पाऊण तास आवाज चालायचा, मधेच "अबौट टर्न!" अशी आरोळी यायची, आणि त्या परेडच्या मागं काहीतरी थपथप वाजत असायचं. मला वाटलं, अधू पायाला व्यायाम असेल. एका माणसाची परेड स्वयंपाकघरातच का, हा प्रश्न मला पडला नाही. साताऱ्याचा मी, पलटणीतल्या रीती मला काय ठाऊक!

एक दिवस शाळा लवकर सुटली. ताप अंगात होता, पाणी हवं होतं, आणि कडी नेमकी त्या दिवशी घालायची राहिली होती. मी दार ढकललं. आत चुलीपुढं हवालदार उकिडवे बसले होते, बाह्या दंडापर्यंत, पुढं काटवट, मिशीवर पीठ. हातात शाळूची भाकरी चंद्रासारखी गोल गोल मोठी होत होती. "लेफ रैट" म्हणजे थापण्याचा ताल होता. "अबौट टर्न" झालं की भाकरी तव्यावर उलटायची. माझ्याकडं त्यांनी पाहिलं, पण हात थांबला नाही. म्हणाले, "मास्तर, दार लावा. आतनं."

मग मला सगळं कळलं. पलटणीत ते बंदूक घेऊन गेलेच नव्हते. ते लांगरी होते, म्हणजे शिपायांच्या रोट्या भाजणारे. पायावर गोळी नव्हे, डेग-पराती लादलेलं खेचर पडलं होतं. घरी आल्यावर या पायानं नांगर धरवेना, बायको दिवसभर दुसऱ्याच्या रानात, मग चूल कुणी पेटवायची? ज्याला येतं त्यानं. इतका हा साधा हिशेब. पण तो दाराच्या बाहेर कुणाला सांगण्यासारखा नव्हता. त्यांच्या भावकीत एक चुलतभाऊ दारू पिऊन बायकोला बडवायचा, दुसऱ्यानं जुगारात बैल घालवले होते, आणि दोघेही लग्नाकार्यात फेटे बांधून पहिल्या पंगतीला बसत. भाकऱ्या भाजणारा मात्र त्या पंगतीत बसला नसता. आमचं साताऱ्याचं घर तरी काय निराळं! शंभर पानांचा स्वयंपाक पुरुषानं केला की तो आचारी, त्याला मान. घरातल्या चौघांचा केला की तो बायक्या. कितव्या पानाला बायक्याचा आचारी होतो, हे मला कुणी आजवर सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून आतून कडी घालायचं काम माझ्याकडं आलं. सुट्टीच्या दिवशी मी चुलीपाशी पाट मांडून बसायचो आणि हवालदार शिकवायचे. पीठ तळव्याच्या टाचेनं मळायचं, कोमट पाण्यानं, कंटाळा न करता. भाकरीचा पदर सुटला पाहिजे. कडा मधल्यापेक्षा पातळ. "कडा जाड ती भाकरी आळशाची," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. या विषयावर ते कधीही खोटं बोलले नाहीत. चुलीपुढं हा माणूस इतका सुखी दिसायचा, आणि बाहेर पारावर इतका अवघडलेला, की तो एकच माणूस आहे यावर माझा विश्वास बसत नसे.

पुढं हौसाला स्थळ आलं. सांगलीकडचं, चांगलं बागायतदार घर, घरचं गुऱ्हाळ. मुलाची आई स्वतः मुलगी बघायला आली. बारीक डोळ्यांची, काटक बाई. हवालदारीणबाईंनी वाढलं, हौसा खाली मान घालून उभी राहिली, हवालदार सोप्यात पाहुण्यांबरोबर फेटा बांधून बसले होते. त्या बाईंनी भाकरी मोडली, पापुद्रा उचलून उजेडाला धरला, एक घास खाल्ला आणि जाहीर केलं, "ह्या हाताची पोरगी मला पायजे." हौसानं बापाकडं पाहिलं. बापानं आढ्याकडं पाहिलं. मी ठसका लागल्याचं निमित्त करून पाणी प्यालो. लग्न ठरलं.

संध्याकाळी हवालदार माझ्या खोलीत येऊन बसले. एवढं चांगलं स्थळ पटलं, पण माणूस सुतकात असल्यासारखा. म्हणाले, "दोन भाकरी करपवायला पायजे हुत्या, मास्तर. लय ठरवलं हुतं मनाशी. पर हात ऐकला न्हाई." मग लग्नापर्यंतचे दोन महिने बंद दाराआड हौसाची परेड चालली. मोटेचे बैल वळवणारे ते हात. पीठ त्या हातांत टिकेना. तिची भाकरी एक तर तव्यावर पोचायच्या आधी फाटायची, नाही तर अशी व्हायची की दाराला अडसर म्हणून लावावी. पोर हसायची, बाप चिडायचा, मग बापही हसायचा. लग्न झालं आणि ती सांगलीकडं गेली.

सुगीच्या दिवसांत हौसाचं पत्र आलं. गावातली पत्रं मीच वाचून दाखवायचो, पण हे मला मोठ्यानं वाचवेना. तिनं लिहिलं होतं, गुऱ्हाळ सुरू झालं आहे, रोज वीस माणसं जेवायला, आणि भाकरी तिला थापायची. सासूबाई बोलत नाहीत, नुसत्या मोडलेल्या भाकऱ्या मोजतात. काल म्हणाल्या, फसवून दिलेली पोरगी आहे, गुऱ्हाळ उरकलं की माहेरी पोचवू, परत आणायची नाही. खाली बापासाठी एक ओळ होती, "दादा, तुमी कुणाला काय सांगू नका. मी शिकते." हवालदारांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ते फेटा बांधून दारात उभे. "मास्तर, चला."

मोटारीनं आम्ही दुपारच्या आत पोचलो. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत होता, माणसं जेवणाची वाट बघत होती, आणि झोपडीपुढच्या चुलवणाशी हौसा बसली होती, डोळे धुरानं की आणखी कशानं लाल. शेजारी सासू उभी. दुरडीत तुकड्यांचा ढीग. मुलाचे वडील, पांढऱ्या गलमिशांचे, बाजेवर बसले होते. "या पाव्हणं," ते म्हणाले, "पाणी घ्या." हवालदारांनी पाणी घेतलं नाही. डोक्यावरचा फेटा काढला, माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या, आणि लेकीला म्हणाले, "ऊठ."

वीस माणसं बघत होती. व्याही बाजेवरून निम्मे उठले. "पाव्हणं, ह्ये काय?" हवालदार काटवट पुढं ओढत म्हणाले, "तुमी आमच्याकडं खाल्ल्या त्या भाकरी माझ्या हातच्या. पोरीनं फसवलं न्हाई, म्या फसवलं. मी हवालदार बी न्हाई. लांगरी हुतो. गोळी न्हाई लागली, खेचर पडलं." इतक्या वर्षांचं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं, आणि पीठ मळायला घेतलं.

कुणीतरी फिदीफिदी हसलं. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. थपथप सुरू झाली, आणि आता ही पोर कायमची माघारी येणार याची मला खात्री झाली. आणि मग भाकरी उलटताना, सवयीनं, हवालदारांच्या तोंडून निसटलं, "अबौट टर्न!"

व्याही खाडकन उभे राहिले. जुनी सवय, दुसरं काय! मग स्वतःच्याच उभं राहण्याचं त्यांना हसू आलं. "मी बी मागल्या लढाईत हुतो," ते लोकांकडं वळून म्हणाले. "बसऱ्याला. तीन दिस रोटी न्हवती. चौथ्या दिशी लांगरी आला तवा आमचा सुभेदार त्याच्या गळ्यात पडून रडला. कुणाला हसाय येतंय रं?" मग कुणालाच येईना. विहीणबाईंनी एक भाकरी मोडली, पापुद्रा उजेडाला धरला आणि एक घास खाल्ला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "मोटंवरचा गडी तापानं पडलाय. मळा वाळतोय. हिला बैलं जमत्यात म्हनं?" हौसा उठली ती पळतच गेली. थोड्या वेळानं विहिरीकडून तिची हाळी ऐकू आली. हवालदारांनी मान वर केली नाही, पण पुढची भाकरी त्यांनी उगाच फार मोठी केली.

वीस माणसं जेवली. विहीणबाईंनी शेवटी पान वाढून हवालदारांपुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या पोरगी. शिकंल हळूहळू." हवालदारांनी पानाला नमस्कार केला आणि ते बाजूला सारलं. लेकीला लेकरू झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, ही त्यांच्याकडची रीत. परत येताना मोटारीत मी म्हणालो, "अहो, चुलीपुढं बसून एक रीत मोडलीतच, ही पण मोडायची." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एका दिशी एकच, मास्तर."

दिवस मावळायला घरी आलो. हवालदारीणबाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर चार दिवस बाहेरगावी होत्या. घरात चूल थंड. हवालदार उंबऱ्यावर टेकले, अधू पाय हातांनी उचलून लांब केला आणि डोळे मिटले. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मी घागरीतलं पाणी त्यांना दिलं, चूल पेटवली, पीठ घेतलं आणि सवयीनं दार लावायला उठलो. डोळे न उघडताच ते म्हणाले, "र्‍हाऊ द्या उघडं."

मी थापू लागलो. शेजारची म्हातारी दिवा घेऊन चालली होती, ती दारात थबकली, आत डोकावली आणि म्हणाली, "आज मास्तरांची परेड व्हय? मला वाटलं हवालदारांची. म्हटलं भाकरीवर वाईच कोरड्यास मागावं." आणि निघून गेली. हवालदारांनी डोळे उघडले. इतकी वर्षं कडी घालून केलेली परेड गावानं पहिल्या दिवसापासून ओळखली होती. आधी मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पण ते पोट धरून हसायला लागले, हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि माझेही.

भाकरी उलटायची वेळ झाली तेव्हा उंबऱ्यावरून अगदी हलकेच "अबौट टर्न" आलं. माझी भाकरी सातारा जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली होती. ती त्यांनी हातावर घेतली, फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, "कडा जाड हायत्या." मग चटणीशी सगळी खाल्ली, तुकडा उरवला नाही. बोटं पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "लढाईस्नं आल्यापास्नं आयती भाकरी पैल्यांदा खातोय, मास्तर. ग्वाड लागली."

पुढं माझी बदली झाली. हौसाला मुलगा झाल्याचं कळलं, आणि बारशाला हवालदार सांगलीकडं जाऊन लेकीच्या हातचं जेवून आले, असं त्यांनी कुणाकडून तरी लिहवून कळवलं. भाकरी कशी होती ते लिहिलं नव्हतं. आता ते नाहीत. मी निवृत्त झालो, साताऱ्यात राहतो, आणि घरात कुणी नसलं की भाकरी करतो, दार उघडं ठेवून. कडा अजून जाडच होतात.