कडब्याची कोप

माझी आई माझ्या कुठल्याच घरात कधी झोपली नाही. पुण्यात, हैदराबादेत मी उंच इमारतींचे सांगाडे उभे केले. भूकंपात डोलतील पण पडणार नाहीत असे हिशेब केले आणि त्यावर चांगलं नाव कमावलं. आई यायची, चार दिवस राहायची आणि रात्रभर दाराशी भिंतीला टेकून बसायची. "पंखा लई गार हाय," असं काहीतरी सांगायची. खरं कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं. किल्लारीच्या भूकंपात आमच्या घराचं माळवद खाली आलं आणि वडील त्याखाली गेले. आई अंगणात झोपली होती म्हणून वाचली. तेव्हापासून ती अंगणात बाज टाकून झोपते, पावसात फार तर पडवीच्या पत्र्याखाली. मी या धंद्यात आलो तोच मुळी तिला एकदा छताखाली निवांत झोपवायचं म्हणून. बाकी सगळं जमलं, तेवढं राहिलं.

पन्नाशी उलटली तशी कामाची चव गेली. आकडेमोड संगणक करायचा, साइटवर तरणी पोरं जायची, मी सही करायचो आणि सत्कार घ्यायचो. बायको म्हणाली, "आता अजून एक शाल घरात आली तर मी बाहेर पडेन." शेवटी मीच बाहेर पडलो. कंपनी भागीदारावर सोपवली आणि दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून गावी आईकडे आलो. बायकोची कॉलेजातली नोकरी होती, ती सुट्टीला येणार असं ठरलं.

रिकामा बसलेला मी फार वाईट माणूस आहे. आईचं स्वयंपाकघर मी नव्याने लावलं, डबे उंचीप्रमाणे मांडले, चुलीच्या धुराला वेगळी वाट काढून दिली. "तू परत जा बाबा," आई म्हणाली. "मला माझं मीठ सापडंना."

तेवढ्यात येळवस आली. हिवाळ्यातल्या या अमावास्येला आमच्या लातूरकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. उभ्या पिकात कडब्याच्या, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, उभ्या पिकावर आंबील शिंपायची आणि येईल त्याला पोटभर वाढायचं. पण आता शिवारभर सोयाबीन. ज्वारीच कोणी पेरत नाही तर कडबा येणार कुठून? लोक बांबूवर साडी टाकून भागवत होते. मी पडलो इंजिनिअर. लोखंडी पाइप जोडून, वर हिरवी जाळी ताणून असा मांडव केला की वादळातही हलला नसता. आई आत आलीच नाही. बाहेरूनच पांडवांना हात जोडले आणि बाभळीखाली बसून जेवली.

"चांगला झालाय," ती म्हणाली. "पर वर पाइप हायेत ना."

मी माझं ताट उचलून बाभळीखाली नेलं.

परत येताना ती आपणहून बोलली. लग्न होऊन आली त्या साली येळवशीला ती कोपीत बसल्या बसल्या झोपून गेली होती, आणि सासूने उठवू दिलं नव्हतं. "कडबा अंगावर पडला तर काय, झटकायचा," ती म्हणाली. त्या वाक्यावर मी गावात राहिलो.

पावसाळ्यात सोयाबीनऐवजी ज्वारी पेरली. दुकानात सगळ्यात जास्त उतारा देणारं बियाणं मागितलं. जन्माची सवय, दुसरं काय. कणसं भरघोस आली, पण ज्वारीची ताटं जेमतेम माझ्या कमरेला लागली. जास्त दाण्यासाठी ताटाची उंचीच कमी केलेलं वाण होतं ते, आणि मला हवं होतं ताट. बांधावरून जाणारा प्रत्येक जण थांबायचा. "साहेब, कोप कोंबड्यांसाठी करायलात का?" आई तोंडाला पदर लावून हसत होती. ती इतकी हसलेली मी कधी पाहिली नव्हती, म्हणून रागही धड आला नाही.

कंधारजवळ माझ्या मावशीकडे अजून जुनी उंच ज्वारी करतात. बस बदलत जाऊन पिशवीभर बी आणलं आणि दसऱ्याच्या सुमारास पेरलं. त्या येळवशीला ज्वारी हिरवीच उभी होती, बाभळीखालीच जेवलो. त्याच हिवाळ्यात आईला चालताना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जपा. आता होळीच्या आसपास काढणी, मग पावसाळा काढायचा, मग कुठे येळवस. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाजवळ बोलता येत नव्हती. पण खरं सांगायचं तर कितीतरी वर्षांनी सकाळी उठायची घाईही व्हायची. पाखरं हाकायला मी उजाडता उजाडता शेतात हजर असायचो. बायको फोनवर म्हणायची, "ऑफिसला कधी इतक्या वेळेवर गेला नाहीस." काढणी झाल्यावर कडबा रचला, पावसाळाभर झाकला, वाळवी लागू दिली नाही.

येळवस आली. आईला जीपमधून बांधापर्यंत नेलं. कोप मी आदल्या दिवशी केली होती, पेंढ्या एकमेकींना टेकवून, अंबाडीच्या दोरीने बांधून. लोखंडाचा खिळासुद्धा नव्हता. आईने बाहेरून हात फिरवला, वाकली आणि आत गेली. पूजा झाली, जेवणं झाली. शेजारच्या शेतातले लोक कडबा मागायला आले, पुढच्या पेरणीला बी मागायला आले. बोलता बोलता सुट्टी काढून आलेल्या बायकोने माझा हात दाबला आणि आत बघ म्हणून खुणावलं.

आई पांडवांशेजारी कुशीवर झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. केसांत कडब्याचं पातं अडकलं होतं. मी दाराशी बसलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मला कुणाची लाज वाटत नव्हती.

ऊन कलल्यावर ती उठली. "उठवायचं न्हाई का रे? आंबील शिंपायची राहिली की." मग वर बघत म्हणाली, "पुढल्या बारीला जरा रुंद कर. बाज मावंल एवढी."

घरी आल्यावर दिवा लावायच्या आधी मी टेप काढून तिची बाज मापली.