दौलत म्हात्रेने कापलेलं कापड

दौलत म्हात्रे गेला तेव्हा त्याच्या मुलीने फोनवर विचारलं, "बाबा तुमच्याकडे कुठल्या साली लागले, काका?" सुदेश काणेकरांना सांगता येईना. एकतीस की बत्तीस वर्षं हा माणूस नौपाड्यातल्या त्यांच्या कापडदुकानात उभा होता. तो दिव्याहून लोकलने येतो, बिनसाखरेचा चहा घेतो आणि आपल्या कात्रीला कुणाला हात लावू देत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्याच्या बायकोचं नाव कलावती, हेही त्या फोनवरच कळलं.

दुकानाचा नियम गल्ल्यामागे रंगवलेला होता: कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही. नियम काणेकरांचा, पण तो निभावला दौलतने. तागा बगलेत मारून तो गिऱ्हाइकाला बाहेर फुटपाथवर नेई. "ट्यूबलाइट खोटं बोलते, ताई. उन्हात बघा." आत आला की "कापू?" आणि जरा थांबून पुन्हा "कापू ना?"

"अहो, कापड कापताय की लग्न लावताय?" बायका वैतागायच्या. पण त्याच्या हातचं कापड कधी परत आलं नाही. बाकी हल्ली ऑनलाइनची सवय लागलेली माणसं रोज पिशव्या घेऊन यायची, आणि 'नाही' म्हणून म्हणून काणेकरांचा जीव थकला होता.

एका गुरुवारी पिशवी घेऊन आल्या त्या व्हिक्टोरिया डिमेलो. जुनं गिऱ्हाईक. लेकीच्या, क्रिस्टलच्या, लग्नाच्या झग्यासाठी सात मीटर पांढरं साटीन त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, दौलतच्या नजरेच्या भरवशावर. शिंप्याने उघडलं तर क्रीम.

"चर्चमध्ये पोरगी ह्यात उभी राहिली ना, काणेकर, तर बायका विचारतील, हिचं दुसरं लग्न आहे का?"

काणेकरांनी सवयीने पाटीकडे बोट दाखवलं. "बाई, फोनवर तुम्हीच क्रीम म्हणाला असाल."

"मी? विचारा दौलतभाऊंना!"

फोन दौलतनेच घेतला होता. "क्रीम म्हणाल्या" एवढं तो बोलला असता तरी विषय मिटला असता, आणि तेवढंच बोल, अशी काणेकरांची मनातल्या मनात विनवणी चालली होती. गेले काही महिने तो किमतीची चिठ्ठी हात लांब करून वाचायचा. त्यांनी पाहिलं होतं, विचारलं नव्हतं. विचारलं की काउंटरवरून उतरवावं लागणार. आणि पासष्टीच्या माणसाला दुसरं कोण उभं करणार?

पिशवीतलं कापड आणि पांढरा तागा घेऊन दौलत फुटपाथवर गेला, भर उन्हात दोन्ही शेजारी धरून बराच वेळ बघत राहिला. मग आत आला.

"शेठ, मला दोन्ही सारखंच दिसतंय."

व्हिक्टोरियाबाईच म्हणाल्या, "मोतीबिंदू असेल हो, भाऊ. आमच्या ह्यांना झालेला. अर्ध्या तासाचं काम."

काणेकरांनी क्रीम कापड परत घेतलं. पांढरं कापायची वेळ आली तेव्हा दौलतने आपली कात्री शेजारच्या सोनलपुढे सरकवली. ती दोन वर्षांपासून काउंटरवर होती, पण कात्री तिच्या हातात पहिल्यांदाच आली. उरलेला दिवस तो मागच्या स्टुलावर बसून घड्या घालत राहिला. डोळे बरे झाले की तुझी जागा तुझीच, असं काहीतरी काणेकरांना सांगायचं होतं. जमलं नाही.

त्यानंतर दौलत दुकानात आला नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, त्याच्या आठवडाभर आधी छातीत कळ येऊन गेला. शेवटचं बोलणं झालं ते त्या गुरुवारी संध्याकाळी, तो पिशवी उचलून निघाला तेव्हा.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो, शेठ."

"जा. सकाळी लवकर गाठ, रांग असते तिथे."

"लवकर नाय जमणार. पाणी भरायचं असतं. आमच्याकडे आता दहाला सोडतात."

"बरं. मग सावकाश जा."