आजीचा कागद

माझ्या खालच्या मजल्यावर एक बल्गेरियन बाई राहते. शाळेत पियानो शिकवते. वयाने माझ्याएवढीच, म्हणजे साठीला टेकलेली, आणि माझ्याइतकीच तापट. आमची ओळखही भांडणातूनच झाली. मी बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घातलं की ते खाली तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडायचं. एक दिवस ती तणतणत वर आली, मीही चार शब्द सुनावले, आणि दोघींनाही दम लागला म्हणून मग मी चहा टाकला. आम्ही तेव्हा बहारीनच्या जुन्या वस्तीतली, नईममधली जागा सोडून अमवाजच्या नव्या बिल्डिंगमध्ये नुकतेच आलो होतो. नईममध्ये जिन्यात कोणी ना कोणी भेटायचं, उगीच चौकशा करायचं. इथे लिफ्टमध्ये सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. भांडायला का होईना, कोणीतरी दार वाजवलं याचंच मला बरं वाटलं.

मग रोजचंच झालं. ती शाळेतून आली की वर यायची, चपला काढायला शिकली, आल्याच्या चहाला सोकावली. तिच्या बोलण्यातून मला तिचा देश कळत गेला. तरुण माणसं जर्मनीला जातात, स्पेनला जातात, आणि जातात ती जातातच. मागे राहतात म्हातारे. मुलं होतात थोडी, माणसं मरतात जास्त. तिच्या स्वतःच्या लेकीने जर्मनीत संसार थाटला होता आणि मूलबाळ नको म्हणून स्पष्ट सांगून टाकलं होतं. तिची आई मात्र गावीच होती, नव्वदीच्या घरातली, एकटी.

"गावात माणसं किती आहेत?" मी सहज विचारलं.

"हिवाळ्यात? आई."

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी हसलेसुद्धा. ती हसली नाही, तेव्हा माझं हसू तोंडातच विरलं. उन्हाळ्यात चार-सहा घरं उघडायची, टोमॅटो लावले जायचे, मग परत कुलपं. थंडीत फक्त आई, तिचा कुत्रा, आणि पाव घेऊन येणारी गाडी. आईने पाव घेतला नाही तर गाडी यायची बंद होईल, म्हणून ती गरज नसताना दोन पाव घ्यायची आणि एक कुत्र्याला घालायची.

मला हे काही अगदीच परकं वाटलं नाही. आमच्या कोकणातल्या वाडीतही शाळेचा पट घसरत घसरत शाळेला कुलूप लागलं. पण गणपतीला तरी वाडी भरते हो. चाकरमानी येतात, भांडतात, आरत्या म्हणतात. हिवाळ्यात एक बाई आणि एक कुत्रा, असं आमच्याकडे कधी ऐकलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात ती म्हातारी बर्फावर घसरून पडली. पाववाल्याने तिला उचललं. हाड मोडलं नव्हतं, पण माझ्या शेजारणीने, म्हणजे तिच्या लेकीने, विमान गाठलं, आईला व्हिजिट व्हिसावर बहारीनला आणलं आणि कुत्रा पाववाल्याला दिला.

लेक शाळेत गेली की म्हातारी माझ्या ताब्यात. त्यांच्याकडे आजीला 'बाबा' म्हणतात. आमच्या ह्यांना ते ऐकून इतकं हसू आलं की विचारू नका. मी आपली आजीच म्हणायचे. भाषेच्या नावाने आनंद होता. त्यात त्यांची मान उलटी हलते. नको असलं की मान वरखाली. पहिल्या दिवशी मी विचारत गेले, ती मान डोलवत गेली, आणि मी तिला चहाचे एवढे कप पाजले की बिचारी शेवटी हात जोडायला लागली. माझ्या दह्याला मात्र तिने सरळ नाक मुरडलं. मला राग आला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः दूध तापवलं, करंगळी बुडवून पाहिली, भांडं माझ्या शालीत गुंडाळून ठेवलं. दही असं लागलं की सुरीने कापावं. मी बोलले काही नाही, पण वाटीभर खाल्लं.

एकदा सकाळी तिला घेऊन खाली गेले तर गेटजवळ मुलांची स्कूल बस उभी होती. पंधरा-वीस पोरं, दप्तरं, वॉटर बॅगा, रडारड, ढकलाढकली. आजी जागच्या जागी थांबली. काय पाहत होती कुणास ठाऊक, पण तिने दोन्ही हात छातीशी धरले. तिच्या गावात शेवटचं मूल जन्माला आलं ते आता मोठं होऊन तिकडे ट्रक चालवतं, असं तिची लेक नंतर म्हणाली. त्या दिवसापासून आजीचा नेम सुरू झाला. बसच्या आधी ती गेटवर हजर. एप्रनच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. प्रत्येक पोराच्या हातावर एक. बस चौकाला वळून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहायची, आणि पोरंही खिडकीला नाकं लावून हात हलवायची. "यल्ला, बाय बाय!" म्हणजे चला, टाटा. एवढं ती शिकली. पोरांनी तिचं नाव कँडी ग्रँडमा ठेवलं.

मग आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला. अनोळखी व्यक्तीने लहान मुलांना खायला देऊ नये, पालकांची तक्रार आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चौकशी केली तर तक्रार करणारी आपलीच, पुण्याची, बँकेत नोकरीला असलेली मुलगी. तिला लिफ्टपाशी गाठलंच मी.

"अगं, अनोळखी कोण? दुसऱ्या मजल्यावरची आजी आहे ती!"

"काकू, तुमचं बरोबर आहे हो. पण आजकाल कोणाचं काय सांगावं? आपण परक्या देशात आहोत."

"परक्या देशात आहोत म्हणूनच म्हणतेय ना!"

ती लिफ्टमध्ये शिरली. तिचंही सगळंच चुकलं होतं असं नाही, पण त्या दिवशी मला तिचं काही ऐकायचं नव्हतं.

लेकीने आजीला समजावलं असावं. दुसऱ्या दिवशी आजी गेटवर आली ती दोन्ही हात पाठीमागे बांधून. खिसा रिकामा. आयांना दिसावं, की बघा, मी कोणाला काही देत नाही. बस निघाली तेव्हाच तिने हात पुढे आणला, हलवला, आणि पुन्हा मागे नेला. मला ते बघवेना. मी मोबाइल काढून उगीचच बोटं फिरवत बसले.

मार्च लागला आणि आजी बेचैन झाली. घरी जायचं, घरी जायचं, एकच धोशा. तेव्हा मला कागदांचं प्रकरण कळलं.

त्यांच्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोचा कागद छापतात आणि घराच्या फाटकावर, बस थांब्यावर, दुकानाच्या दारावर लावतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, वर्षाने पुन्हा, पुढे दर वर्षी. मी म्हटलं, मग आमच्यासारखंच की! आमच्याकडे चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, खाली शोकाकुल म्हणून पन्नास नावं, आणि त्यात गेलेल्याचा फोटो सगळ्यात लहान. आजीची लेक हसली. मग म्हणाली की गावात आता माणसांपेक्षा कागद जास्त आहेत, आणि ते सगळे आई लावते. शेजाऱ्यांची मुलं माद्रिदहून, म्युनिकहून पैसे पाठवतात, तालुक्याच्या गावी कागद छापले जातात, पाववाला ते पावाबरोबर आणतो, आणि आई खळ शिजवून ते फाटकाफाटकावर चिकटवते. सेलोटेप बर्फात सुटते, खळ सुटत नाही. आता ती इथे बसलेली. अमक्याची तिथी गेली, तमकीचं वर्ष गेलं, फाटकं उघडी पडली. एप्रिलमध्ये तिच्या नवऱ्याचा दिवस. त्याचा कागद कोण लावणार?

"आणि वाचतं कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आईच."

मायलेकींची रोज जुंपायला लागली. लेक म्हणे, तिकडे एकटी मरून पडशील, मला कळणारसुद्धा नाही. मी लेकीचीच बाजू घेतली आणि आजीला मराठीतून दटावलं, "काय ठेवलंय त्या गावात? इथे गरम आहे, पोरं आहेत, मी आहे!" आजीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली, दोन्ही तळव्यांनी त्यावर एक कागद दाबून बसवल्यासारखं केलं, कडांवरून अंगठा फिरवला. मग बोट स्वतःच्या चेहऱ्याकडे नेलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. माझा कोण लावणार, असं विचारत होती. एवढं कळायला भाषा लागत नाही. मी घाबरले. "मी लावीन गं बाई, मी लावीन," म्हटलं आणि तिचे हात दारावरून काढले.

त्यानंतर तिने जेवणच टाकलं. दह्याला बोट लावीना. शेवटी लेक हरली. एप्रिलच्या सुरुवातीला आजीला घेऊन मुहर्रकला विमानतळावर गेलो. आजीने माझ्या गालांचे मुके घेतले, माझ्या पिशवीत पेपरमिंटची अख्खी थैली कोंबली आणि व्हीलचेअरमधून वळून बघत हात हलवत गेली, बसला हलवायची तसाच.

उन्हाळाभर फोनवर तिचा आवाज खणखणीत होता. नवऱ्याचा कागद लागला होता, कुत्रा परत आला होता. ऑक्टोबरमध्ये पाववाल्याचा फोन आला. आजी घराच्या ओट्यावर बसल्या जागी गेलेली सापडली, म्हणाला. कुत्रा पायाशी.

लेक गावी जाऊन पंधरा दिवसांनी परत आली. मी दार उघडलं तर तिथेच उभी, बॅग हातात. आत आली, चपला काढल्या, बसली.

"लावलेस का?" मी विचारलं.

"लावले. फाटकावर, बस थांब्यावर, बंद दुकानाच्या शटरवर. पुरायला चर्चचा माणूस आणि पाववाला आले होते, ते गेले. मग मी रस्त्यात उभी राहिले. वाट पाहत होते, कोणी येईल आणि वाचेल. कोण येणार? मग मीच मोठ्याने वाचला. एकदा वाचला आणि गाडीत बसले."

ती रडली नाही. मी रडले. तिला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडले. मग तिने बॅगेतून उरलेला एक कागद काढला. काळी चौकट, मधे आजी. फोटो इथलाच होता, आमच्या गेटवरचा, मीच काढलेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी मैद्याची खळ शिजवायला घेतली. लहानपणी आकाशकंदिलासाठी आई करायची तशी, गुठळ्या न होऊ देता, ढवळत ढवळत. आमचे हे चहाला म्हणून आत आले, ओट्यावरचा कागद पाहिला आणि तिथेच थांबले. ह्यांची इथली, सखीरमधली नोकरी पुढच्या वर्षी संपते. मग व्हिसा खलास. मुलगा टोरांटोत, तो परत येणार नाही हे आता आम्ही एकमेकांना सांगणंही सोडून दिलंय. वाडीच्या घराला कुलूप.

"आपला कोण लावणार गं?" हे म्हणाले.

"आधी ते दूध फ्रीजमध्ये ठेवा," मी खेकसले. डोळे पुसायला पदरसुद्धा नव्हता, गाऊनवर होते. ह्यांनी दूध ठेवलं आणि माझ्या हातातून चमचा घेऊन स्वतः ढवळायला लागले.

खाली वॉचमन आडवा आला. "मॅडम, यहाँ मना है."

"मालूम है भैया. दो दिन. इंशाल्ला मैं खुद निकालूँगी."

त्याने फोटो पाहिला. "ये तो गोलीवाली अम्मा है," म्हणाला आणि पाण्याचा पाइप उचलून दुसरीकडे निघून गेला.

बस थांबते तिथल्या खांबावर मी कागद लावला. तळव्यांनी दाबला, कडांवरून अंगठा फिरवला. आजीची लेक माझ्याशेजारी उभी होती. तिच्या गावात कागदावरची ती अक्षरं वाचणारं कोणी उरलं नव्हतं आणि इथे कोणाला ती येत नव्हती. तरी एकेक जण येऊन थांबत होता. पुण्याची ती मुलगी आली, तिने कागद पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. "काकू..." एवढंच म्हणाली. तिची छोकरी बसची वाट बघत शेजारीच उभी होती. घरात तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्लिशमधून. तिने विचारलं,

"इज शी कमिंग बॅक?"

"नाही गं सोन्या," मी म्हटलं.

मी आजीच्या थैलीतली एक गोळी काढली आणि छोकरीच्या आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, हो म्हणून. मग ती स्वतःच थैली घेऊन बसच्या दारापाशी उभी राहिली आणि चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर एकेक गोळी ठेवत गेली. बस निघाली. पोरांनी खिडक्यांना नाकं लावली आणि खांबाकडे बघून हात हलवायला लागली. खांबावरून हात हलवणारं कोणी नव्हतं. आजीची लेक पुढे झाली, तिने हात वर केला, आणि बस चौकाला वळेपर्यंत खाली घेतला नाही.