पितळेवरची अक्षरं

जर्मन तोफगोळ्याची रिकामी पितळी पुंगळी नात खिडकीतल्या उन्हात तिरपी धरून बघत होती. "आजी, बुडाशी कारखान्याचे शिक्के आहेत, ते सगळ्यांवरच असतात. पण कडेला हे मराठी कसलं गं?"

माझे थोरले दीर जर्मनांशी लढताना गेले. त्यांनी खिळ्यानं काहीबाही कोरलेली ही पुंगळी त्यांच्या सोबत्यानं जाऊबाईंना आणून दिली होती. पुढे मी लग्न होऊन आले, मॅट्रिक पास, नाक वर करून! मळकट पितळ दिसलं आणि या मॅट्रिक बाईसाहेबांचे हात शिवशिवले. चिंच आणि विटेची भुकटी घेऊन दुपारभर घासलं. त्या रेघा मला ओरखडे वाटल्या. वाचता येत होतं, पण वाचेन तर शपथ. चकाकी म्हणजेच टापटीप, असं वाटायचं एक वय असतं.

शेतावरून आलेल्या जाऊबाई गुळगुळीत पितळेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरुषांकडून वाचून घ्यायची लाज वाटायची गं. म्हटलं, शिकलेली जाऊ येतेय, ती वाचून दाखवेल."

"आजी, एकच अक्षर लागतंय. सुं."

जाऊबाईंचं नाव सुंदरा. तेवढं ऐकायलाही त्या आता नाहीत.