दारातला हौद

दारातल्या हौदातून नातीला वर ढकलणारे तिच्या आजोबांचे, माझ्या मालकांचे हात दिसले, आणि मला एसटीतली ती बाई आठवली. नातीला मी ओढून काढलं. ते हात परत वर आले नाहीत.

ती बाई अक्कलकोटच्या गाडीत माझ्या शेजारी बसली होती. नाव मी विचारलं नाही. शेंगा सोलून ती टरफलं ओच्यात गोळा करत होती. मी नव्या घराचा नकाशा मांडीवर उघडला, तर हात पदराला पुसून तिने तो ओढूनच घेतला. एकेका चौकोनावर बोट ठेवून विचारायची, "ह्ये काय?"

"हा पाण्याचा हौद. सोलापुरात पाणी रोज कुठं येतं?"

"दारातच? लेकरं खेळत्यात की तितं."

"वास्तूत पाणी ईशान्येला लागतं. आमचं दार तिकडंच आहे."

"नळ आला की झाकण उघडं ऱ्हातंय, बाई. मागं घ्या ह्यो." मग पुढची शेंग फोडत म्हणाली, "आमच्या हौदाच्या झाकणावर मी दिसभर बसते. उठावंसं वाटत न्हाय."

का, ते मी विचारलं नाही. पुढच्या थांब्यावर टरफलं सांभाळत ती उतरून गेली.

घरी सांगितलं, तर मालक हसले. "एसटीतल्या बाईला विचारून घर बांधायचं व्हय?"

हौद ईशान्येलाच झाला. नात पडली त्या दिवशी नळ आला होता आणि झाकण उघडं होतं.

आता झाकणावर मी बसते. मालक गेले. नात वाचली.